मँडन गावांशेजारचा हिवाळा, १८०४-०५ : तटबंदी, शिकार की मका?

उत्तरवाट

मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत नेलेल्या मोहिमेविषयी सध्या वाचन चालू आहे. १४ मे १८०४ रोजी सेंट लुईसजवळच्या तळावरून निघालेली ही मंडळी मिसूरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध नावा वल्हवत, काठावरून दोरांनी ओढत सुमारे १,६०० मैल वर गेली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस आजच्या नॉर्थ डकोटा राज्यात मँडन या मूळ रहिवासी लोकांच्या गावांपाशी पोहोचली. नदी लवकरच गोठणार हे उघड होते. म्हणून त्यांनी तिथेच मुक्काम ठोकला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लाकडी किल्ला बांधायला घेतला, त्याला ‘फोर्ट मँडन’ असे नाव दिले आणि ७ एप्रिल १८०५ रोजी तो सोडून पुढचा प्रवास सुरू केला. मधल्या काळात, १७ डिसेंबरला, त्यांच्या तापमापकाने उणे ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास उणे ४३ अंश सेल्सियस, इतके तापमान दाखवले होते.

एवढ्या थंडीत या तुकडीतील एकही माणूस दगावला नाही. संपूर्ण मोहिमेत झालेला एकमेव मृत्यू सार्जंट चार्ल्स फ्लॉइड यांचा, आणि तोही त्याआधीच, ऑगस्ट १८०४ मध्ये. लोकप्रिय लेखांत याचे श्रेय बहुधा लष्करी शिस्तीला, भक्कम किल्ल्याला आणि अचूक नेमबाजीला दिलेले आढळते. मला ते पुरेसे वाटत नाही. चाळीसेक धडधाकट माणसे पाच महिने रोज काय खात होती? बरोबर आणलेला शिधा पुढच्या प्रवासासाठी राखायचा होता, हे तर त्यांच्याच दैनंदिनींवरून दिसते. मग मुख्य आधार कशाचा होता, आणि शेजारच्या गावांनी या परक्या सशस्त्र लोकांना आपल्या दाराशी का राहू दिले? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुनी पाने

तुमची शंका रास्त आहे. माझ्या मते उत्तराचा मोठा भाग किल्ल्याच्या आत सापडतच नाही. तो नदीपलीकडच्या गावांतील पेवांमध्ये सापडतो.

आधी किल्ल्याविषयी थोडक्यात सांगतो. सार्जंट पॅट्रिक गॅस सुतारकाम जाणणारा होता आणि त्याने बांधणीचे नेमके वर्णन करून ठेवले आहे. नदीकाठी वाढणाऱ्या कॉटनवुड झाडाच्या ओंडक्यांच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या, प्रत्येक रांगेत चार खोल्या होत्या, आणि दोन्ही रांगा एका टोकाला कोन करून जुळवलेल्या होत्या. तिसरी, उघडी बाजू खांबांच्या कुंपणाने बंद केली होती. सात फुटांवर फळ्यांचा माळा घालून त्यावर गवत आणि चिखल पसरला होता, त्यामुळे वर झोपण्याजोगी उबदार जागा तयार झाली. छप्पर आतल्या बाजूने बाहेर चढत गेल्यामुळे बाहेरची भिंत सुमारे अठरा फूट उंच झाली होती. बांधकाम चांगलेच होते. पण ही भिंत माणसांना वाऱ्यापासून आणि हल्ल्यापासून वाचवू शकत होती, त्यांचे पोट भरू शकत नव्हती.

आता गावांकडे वळू. नाइफ नदी मिसूरीला मिळते त्या परिसरात पाच गावे होती, दोन मँडनांची आणि तीन त्यांच्या शेजारच्या हिदात्सा लोकांची, आणि सगळी मिळून लोकवस्ती चार हजारांच्या वर होती. त्या काळच्या सेंट लुईस गावापेक्षा ही वस्ती मोठी होती, ही गोष्ट वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. मोहीम निर्जन रानात पोहोचली नव्हती, तर उत्तरेकडच्या माळरानांतील सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेत पोहोचली होती. क्रो आणि शायान लोक इथे घोडे व कातडी घेऊन येत, असिनिबॉइन लोक कॅनडाकडच्या बंदुका आणि भांडी आणत, आणि परत जाताना सगळे धान्य घेऊन जात. फ्रेंच व्यापारी ला व्हेरांद्री १७३८ मध्येच मँडनांकडे येऊन गेला होता, आणि डेव्हिड थॉम्पसन १७९७-९८ च्या हिवाळ्यात. पाहुणे, भाव आणि घासाघीस यांची इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती.

या बाजाराचा पाया मका होता, आणि मका पूर्णपणे स्त्रियांच्या हातात होता. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवरची शेते त्यांची, बियाणे त्यांचे, मातीची मोठी गोल घरेही त्यांचीच. मका बुटका आणि थोड्या दिवसांत तयार होणारा, कारण त्या प्रदेशात वसंतातले शेवटचे आणि शरदातले पहिले हिम यांच्यामधला उन्हाळा फार आखूड असतो. त्याच्या जोडीला घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल. बायसनच्या, म्हणजे माळरानावरच्या रानगव्यासारख्या जनावराच्या, खांद्याच्या हाडाची कुदळ करून त्या जमीन उकरत. पीक तयार होऊ लागले की मुली मचाणावर बसून, गाणी म्हणत, कावळ्यांपासून राखण करत.

धान्य साठवण्याची पद्धत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पेव तोंडाशी अरुंद आणि खाली घंटेसारखे रुंद असे. आत गवताचे अस्तर लावत, भिंतीला लागून कणसांच्या वेण्या रचत, मधल्या जागेत सुटे दाणे भरत, आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या माळा दाण्यांच्या अगदी मध्यभागी ठेवत, कारण ओल सर्वांत आधी भोपळ्याला लागते आणि तिथे ती पोहोचत नाही. तोंड बंद करून वर माती सारली की परक्याला जागा ओळखूही येत नसे. हिवाळ्यात मोहिमेच्या माणसांनी जे धान्य खाल्ले ते अशा पेवांतून, गावच्या बायकांच्या पाठीवरून, गोठलेली नदी ओलांडून आले.

पण ते फुकट आले नाही. सुरुवातीला मणी, आरसे आणि तत्सम किरकोळ वस्तूंवर काम भागले, नंतर त्यांची मागणी ओसरली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्यात लोहाराचा भाता बसवला गेला आणि व्यवहाराचे रूपच पालटले. गावकरी फुटकी भांडी आणि बोथट झालेल्या कुदळी घेऊन येऊ लागले. त्याहूनही अधिक मागणी लढाईच्या कुऱ्हाडींना आली. पाते फार पातळ आणि दांडा फार आखूड म्हणून लुईसला ही कुऱ्हाड मुळीच पसंत नव्हती, परंतु गिऱ्हाईक जे मागेल तेच घडवावे लागत होते. ६ फेब्रुवारीच्या नोंदीत तो लिहितो की जळून निकामी झालेल्या एका लोखंडी शेगडीचा पत्रा कापून त्याचे चार-चार इंचांचे चौकोनी तुकडे विकले जात आहेत आणि एकेका तुकड्यामागे सात-आठ गॅलन, म्हणजे सुमारे तीस लिटर, मका मिळत आहे. या तुकड्यांपासून लोक बाणांची टोके आणि कातडी खरवडण्याची हत्यारे करत. लोहारकाम नसते तर धान्य मिळवण्याचा दुसरा उपाय सुचणे अवघड झाले असते, असेही त्याने त्याच ठिकाणी कबूल केले आहे.

या कुऱ्हाडी पुढे कुठवर गेल्या, हेही पाहण्याजोगे आहे. १८०६ मध्ये परतीच्या वाटेवर, रॉकी पर्वताच्या पलीकडे राहणाऱ्या नेझ पर्स लोकांकडे सार्जंट ऑर्डवेला एक कुऱ्हाड दिसली, आणि ती फोर्ट मँडनमध्ये मोहिमेतला लोहार जॉन शिल्ड्स याने घडवलेली होती. मोहीम समुद्रापर्यंत जाऊन परत येईतो मँडनांच्या बाजारातला माल हातोहात पर्वत ओलांडून गेला होता!

---

कॉटनवुड

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी शिकारीला त्यात कमी लेखले गेले आहे असे मला वाटते. मका मिळाला नसता तर माणसे खंगली असती हे खरे. पण मांसाशिवायही ती जगली नसती, आणि सुरुवातीच्या दिवसांत मुख्य आहार मांसाचाच होता.

७ डिसेंबरला मँडन प्रमुख शेहेके स्वतः किल्ल्यावर आला आणि बायसनचे कळप जवळ आल्याची बातमी देऊन गेला. लुईस पंधरा माणसे घेऊन निघाला. तिथे त्यांनी जे पाहिले त्याचे त्यांना कौतुक वाटले : मँडन घोडेस्वार कळपात घुसून धनुष्यबाणाने जनावरे पाडत होते आणि बायका लगोलग मांस सोडवत होत्या. पडलेले जनावर रात्रभर तसेच राहिले तर ते लांडग्यांचे झाले असे समजायचे, कारण कळपांच्या मागोमाग लांडगे असतच.

फेब्रुवारीत मात्र शिकार दूर गेली. क्लार्क मोठी टोळी घेऊन गोठलेल्या नदीवरून खाली उतरला आणि नऊ-दहा दिवस फिरून त्यांनी चाळीस हरणे व इतर जनावरे मारली. पण त्यांतली बरीचशी इतकी रोडावलेली होती की खाण्याजोगी नव्हती. उरलेले मांस ओंडक्यांच्या बंद खोपटांत लांडग्यांपासून लपवून ठेवले आणि ते आणायला १४ फेब्रुवारीला मोहिमेचा शिकारी द्रुइयार काही माणसे, तीन घोडे आणि घसरगाड्या घेऊन निघाला, तर वाटेत मँडनांचे शत्रू असलेल्या सू लोकांच्या शंभरेक योद्ध्यांनी त्यांना गाठून दोन घोडे काढून घेतले. लुईस दुसऱ्या दिवशी पाठलागावर गेला. चोर हाती लागले नाहीत, पण तो येताना भरपूर शिकार करून आला. तेव्हा शिकारीचा वाटा मोठा होता, आणि तिची अनिश्चितताही तेवढीच मोठी होती. ‘जुनी पाने’ यांच्या मुद्द्याला यातून बळच मिळते, हे मान्य करतो : चरबी नसलेल्या मांसावर थंडीत दिवस काढणे कठीण असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत लोखंडाच्या तुकड्यांवर मका येत होता.

घोड्यांविषयी एक गमतीची नोंद आहे. १२ फेब्रुवारीला दमून आलेल्या घोड्यांना लुईसने पाण्यात भिजवलेला भरडा घालायला सांगितला. घोड्यांनी तो हुंगून सोडून दिला. त्यांना कॉटनवुडची साल हवी होती! मँडन लोक कडक थंडीत घोडे घरातच बांधत आणि त्यांना याच झाडाच्या फांद्या घालत, त्यामुळे त्या जनावरांची चव तशी घडली होती. किल्ल्याच्या भिंती कॉटनवुडच्या, जळण त्याचे, घोड्यांचा चारा त्याचा आणि एप्रिलमध्ये पुढच्या प्रवासाला निघताना कोरलेल्या सहा होड्याही त्याच लाकडाच्या. नदीकाठच्या सखल भागातील ही झाडी नसती तर या हिवाळ्याची चर्चाच करावी लागली नसती.

थंडीबाबत आणखी एक गोष्ट नमूद करतो. १० जानेवारीला, पारा उणे ४० वर असताना, गावातला सुमारे तेरा वर्षांचा एक मुलगा रात्रभर उघड्यावर बर्फात राहून किल्ल्यावर आला. अंगावर एकच बायसनचे कातडे होते आणि त्याची पावले गोठली होती. त्याच रात्री आणखी एक माणूस आगीविना, साध्या कपड्यांत बाहेर झोपला होता आणि त्याला काहीही झाले नव्हते. क्लार्कने आश्चर्याने लिहिले आहे की माणूस इतकी थंडी सोसू शकेल असे त्याला वाटले नव्हते. मुलाची पावले गरम न करता थंड पाण्यात ठेवून उपचार केले गेले, परंतु महिनाअखेरीस लुईसला त्याच्या दोन्ही पायांची बोटे काढून टाकावी लागली. भूल नाही, शल्यविशारद नाही. आठवड्यांनंतर त्याचे वडील त्याला घरी घेऊन गेले. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी चालत होता, एवढेच सांगायचे आहे.

---

उत्तरवाट

दोघांचेही आभार. धान्याचा हिशेब आता कळला. पण मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहतो : मँडनांना यात काय मिळणार होते? शेजारधर्म आणि चार कुऱ्हाडी एवढ्यासाठी कोणी पाच महिने असा भार सोसेल, हे पटत नाही. शिवाय हिदात्सांचे नाव सारखे येते, पण ते या चित्रात फारसे दिसत नाहीत.

---

नाइफ नदी

हिदात्सा कमी दिसतात, कारण मँडनांनीच ते कमी दिसतील अशी तजवीज केली होती.

मँडनांची परिस्थिती अशी होती. त्यांची गावे पूर्वी बरीच खाली, हार्ट नदीच्या मुखाजवळ होती. १७८१ च्या देवीच्या साथीत त्यांची लोकसंख्या इतकी घटली की उरलेल्यांना सू लोकांच्या हल्ल्यांपुढे टिकणे अशक्य झाले आणि ते वर सरकून हिदात्सांच्या शेजारी येऊन राहिले. अशा लोकांच्या दाराशी बंदुका, दारूगोळा आणि एक छोटी तोफ असलेली तुकडी स्वतःहून मुक्कामाला आली, तर तिला दोन घास देणे हा उत्तम सौदा होता. शेहेकेने सुरुवातीच्याच दिवसांत सांगितले होते की आम्ही खाऊ तर तुम्हीही खाल, आम्ही उपाशी राहिलो तर तुम्हालाही उपाशी राहावे लागेल. हे वाक्य औदार्याचा दाखला म्हणून नेहमी सांगितले जाते. औदार्य त्यात आहेच, पण संकटात तुम्ही आमच्या बाजूचे आहात हे गृहीतही त्यात आहे.

त्याची परीक्षा ३० नोव्हेंबरला झाली. सूंनी मँडन शिकाऱ्यांवर हल्ला करून एकाला ठार केल्याचे कळताच क्लार्क तेवीस माणसे घेऊन नदी ओलांडून गावात दाखल झाला आणि पाठलागाला निघू म्हणाला. मँडनांनी त्याला शांतपणे सांगितले की बर्फ खोल आहे, थंडी फार आहे, वसंतात पाहू. लढाई त्यांना त्या दिवशी नकोच होती. तुकडी धावून येते, एवढे दिसले आणि तेवढे पुरे होते.

हिदात्सांशी मात्र संबंध सुरुवातीपासून अवघडले. अमेरिकन लोक सूंना मिळून तुमच्यावर हल्ला करणार आहेत, अशी आवई मँडनांनीच त्यांच्यात उठवली होती, कारण हा नवा व्यापार त्यांना आपल्याकडेच ठेवायचा होता. नोव्हेंबरअखेर लुईस हिदात्सा गावांत गेला तेव्हा एका प्रमुखाने त्याला भेटण्याचेही नाकारले. कॅनडातल्या नॉर्थ वेस्ट या फर-व्यापारी कंपनीचा व्यापारी चार्ल्स मॅकेन्झी त्या हिवाळ्यात तिथेच होता. हिदात्सा प्रमुख ल बोर्न्य याचे मत त्याने नोंदवले आहे की या सगळ्या माणसांत शहाणे दोनच, एक लोखंडाचे काम करणारा आणि दुसरा बंदुका दुरुस्त करणारा. मोहिमेच्या नायकांविषयी इतके थंड मूल्यमापन दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते, आणि मला ते बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाचे अचूक निरीक्षण वाटते.

असे असूनही मोहिमेला पुढच्या वाटेची सर्वांत उपयुक्त माहिती हिदात्सांकडूनच मिळाली. मँडन शेतकरी सहसा दूर जात नसत. हिदात्सा योद्धे मात्र घोड्यांसाठी थेट रॉकी पर्वतापर्यंत धाडी घालत. मिसूरीला कोणत्या नद्या कुठे मिळतात, मोठा धबधबा कुठे आहे, पर्वत कुठे सुरू होतात, हे त्यांनी सांगितले आणि क्लार्कने ते नकाशावर उतरवले. अशाच एका धाडीत सुमारे १८०० साली पकडून आणलेली शोशोनी मुलगी सॅकागाविया त्या गावांत राहत होती. तिचा नवरा तूसाँ शारबोनो याला नोव्हेंबरमध्ये दुभाषा म्हणून घेतले गेले आणि ११ फेब्रुवारीला किल्ल्यात तिला मुलगा झाला. पुढे शोशोनींकडून घोडे मिळवण्यासाठी तिचीच भाषा कामी आली. म्हणजे मक्याइतकीच महत्त्वाची शिदोरी ही माहितीची होती, आणि तिची किंमत कोणत्याही नोंदवहीत लिहिलेली नाही.

---

जुनी पाने

‘नाइफ नदी’ यांच्याशी मी सहमत आहे. पुढे वाचायचे असेल तर ‘उत्तरवाट’ यांनी हा हिवाळा त्यानंतरच्या हिवाळ्याशेजारी ठेवून वाचावा. १८०५-०६ चा मुक्काम पॅसिफिक किनाऱ्यावर, फोर्ट क्लॅटसॉपमध्ये होता. तिथे थंडी किरकोळ होती, पण पाऊस सतत कोसळत होता, एल्क या मोठ्या हरणाचे मांस सडत होते, आणि शेजारचे क्लॅटसॉप व चिनूक लोक व्यापारात तरबेज असताना मोहिमेजवळ विनिमयाच्या वस्तू जवळजवळ संपल्या होत्या. दैनंदिनींतला सूर लगेच बदललेला जाणवतो. मँडनांकडे १ जानेवारी १८०५ ला सोळा जणांनी फिडल घेऊन गावात जाऊन नाच केला होता, आणि एक फ्रेंच नावाडी डोक्यावर उभा राहून नाचला तेव्हा बाकीचे त्याच्याभोवती नाचले होते. फोर्ट क्लॅटसॉपमधला नाताळ सडत चाललेल्या मांसावर गेला.

मार्चअखेरची एक नोंदही आवर्जून वाचावी. नदीवरचा बर्फ फुटला तेव्हा हिवाळ्यात बुडून मेलेले बायसन तुकड्यांबरोबर वाहत येऊ लागले, आणि मँडन लोक पायाखालचा तुकडा बुडण्याआधी पुढच्यावर उडी मारत नदीच्या मध्यापर्यंत जाऊन ते धूड काठाला लावत. काही तुकडे जेमतेम दोन फूट रुंद होते, असे क्लार्क लिहितो.

जागा पाहण्याचा विचार असल्यास एवढे ध्यानात ठेवावे की मूळ किल्ला आज अस्तित्वात नाही. ऑगस्ट १८०६ मध्ये मोहीम परत आली तेव्हाच तो बहुतांशी जळालेला होता आणि पुढे ती जागा नदीने गिळली. वॉशबर्न गावाजवळ आहे ती प्रतिकृती. गावांच्या खुणा मात्र स्टँटनजवळच्या नाइफ रिव्हर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळावर स्पष्ट दिसतात : गवतात शेजारीशेजारी पडलेले गोल खळगे, म्हणजे एकेका घराची जमीन. १८३७ मध्ये ‘सेंट पीटर्स’ या आगबोटीबरोबर आलेल्या देवीच्या साथीत मँडनांपैकी दीडशेच्या आसपासच माणसे वाचली. त्यांचे वंशज आज हिदात्सा आणि अरिकारा यांच्यासह फोर्ट बर्थोल्ड राखीव प्रदेशात राहतात. तिथल्या नदीकाठच्या शेतजमिनी १९५० च्या दशकात गॅरिसन धरणाच्या पाण्याखाली गेल्या, आणि त्या जलाशयाला सॅकागावियाचे नाव दिले आहे. प्रतिकृती आणि गावे यांच्यात मोटारीने फारसे अंतर नाही. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर गावांकडे जावे.